मनाच्या दुखण्याला दारापर्यंत येणारे माणूस हवे



या पत्रिकेतून आम्ही एरवी बेणे, खत, पाणी, खोडवा आणि तोडणी यांविषयी लिहितो. या अंकात मात्र शेतकी खात्याच्या वतीने एका निराळ्या विषयावर आमचे मत मांडत आहोत. विषय आहे मनाच्या दुखण्याचा, आणि ते दुखणे झालेल्या माणसाला उपचारापर्यंत नेऊ शकणाऱ्या गावोगावच्या आशाताईंचा. ऊसवाल्यांनी या भानगडीत कशाला पडायचे, असे काही जण म्हणतील. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग खुशाल आमच्याशी भांडावे.

गट ऑफिसची माणसे वर्षभर बांधावर असतात. त्यामुळे काही गोष्टी आमच्या नजरेला लवकर पडतात. दरवर्षी लागणीची नोंद द्यायला सगळ्यांच्या आधी येणारा सभासद एखाद्या वर्षी येतच नाही. उसाची भरणी राहून जाते. सोसायटीतून खताची पोती उचललेली नसतात. पाण्याची पाळी येते आणि जाते, पण मोटार चालू होत नाही. तोडीची चिठ्ठी निघते, टोळी फडात उतरते, तरी मालकाचा पत्ता नसतो. घरी जाऊन चौकशी केली तर दारातूनच उत्तर मिळते, "काय नाही ओ साहेब, त्यांचं जरा मन लागंना." आणखी थोडे थांबले की हळूच कळते, रात्र रात्र झोप नाही, जेवण तुटले आहे, चारचौघांत बसणे बंद झाले आहे.

शेजारीपाजारी काय म्हणतात? कोणी म्हणते आळशी झालाय. कोणी म्हणते नाटकं करतोय. कोणी म्हणते बाहेरचं लागलंय, अमक्या देवऋषाकडे न्या. अंगारे-धुपारे, उतारे, कोंबडे यांत चार-सहा महिने निघून जातात, हातउसने पैसे संपतात आणि माणूस होता तिथून आणखी खाली जातो. घरातली बाई आजारी असेल तर एवढीही धावपळ होत नाही. ती कशीबशी चूल पेटवते, धारा काढते, वैरण आणते, म्हणून कोणाला ती आजारीच वाटत नाही.

हुमणी लागलेल्या उसाचे उदाहरण आपल्या सर्वांना माहीत आहे. अळी जमिनीखाली मुळे खात असते आणि वर नुसती पाने पिवळी दिसतात. नवखा शेतकरी म्हणतो, खत कमी पडले, टाका युरिया. युरियाने काही होत नाही. बेट हाताने ओढले की उपटून येते, तेव्हा डोळे उघडतात. मनाच्या आजाराचेही असेच आहे. वर दिसतो तो आळस, चिडचिड, दारू, कामातले दुर्लक्ष. त्यावर रागावणे, टोमणे मारणे, "मन घट्ट कर" असा उपदेश करणे हा सगळा युरियाच समजावा.

हा आजार आहे, आणि तो बरा होतो

नैराश्य हा आजार आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहते, कशातच गोडी वाटत नाही, झोप उडते किंवा नको इतकी येते, भूक मरते, अंगात त्राण राहत नाही, आपण कुचकामाचे आहोत असे वाटू लागते. काहींना जगणेच नकोसे होते. आपल्याकडची माणसे हे शब्दांत सांगत नाहीत. ती सांगतात डोके जड आहे, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, अंग मोडून आल्यासारखे वाटते. म्हणून ती ताकदीचे इंजेक्शन आणि सलाईन घेत फिरतात. दुखणे खरे असते, पण उपाय चुकीच्या ठिकाणी चाललेला असतो.

यावर उपचार आहेत. आजार हलका असेल तर शिकलेल्या माणसाने नीट पद्धतीने चार-सहा वेळा बसून बोलणे, दिनक्रम पुन्हा बसवून देणे, अडचणींची एकेक करून सोडवणूक करणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. आजार जास्त असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, आणि बरे वाटल्यावरही त्या साधारण सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवाव्या लागतात. "आठ दिवस घेतल्या, काही फरक नाही, दिल्या टाकून" असे अनेक ठिकाणी घडते. त्याचप्रमाणे "या गोळ्यांची सवय लागते" असा समज आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र त्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी कराव्यात. कानात आवाज येणे, विनाकारण संशय घेणे, असंबद्ध बोलणे असे प्रकार असतील तर वेळ न घालवता मनोविकारतज्ज्ञांनाच दाखवले पाहिजे.

आता आकडे पाहू. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण चित्र आपल्यापेक्षा फार वेगळे असेल असे मानण्यास कारण नाही. त्या पाहणीत प्रौढ माणसांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. आणि आजारागणिक पाहता ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळालेले नव्हते. एवढे मोठे बिनउपचाराचे प्रमाण जनावरांच्या रोगाचे असते तर गावोगाव मोर्चे निघाले असते.

दवाखाना आहे, पण पोचणार कसे?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम १९९६ पासून आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. रुग्णाची माहिती गुप्त ठेवलीच पाहिजे, असेही त्यात आहे. पूर्वी जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्यावरच खटला होत असे. या कायद्याने अशा माणसावर पराकोटीचा ताण होता असे धरून चालावे व त्याची काळजी घ्यावी असे सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते जुने सरसकट कलम ठेवलेले नाही. म्हणजे पोलीस केसच्या भीतीने आजारी माणसाला लपवून ठेवण्याचे कारण राहिलेले नाही.

पण कायदा कागदावर आणि मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी. जायचे म्हणजे दिवस मोडतो, दोघांचे एसटीचे भाडे, बाहेरचे खाणे, बुडालेली मजुरी. शिवाय आजारी माणूस स्वतः उठून जाईल अशी अवस्थाच नसते. हात मोडलेला माणूस आपणहून दवाखान्यात जातो, मन मोडलेला जात नाही. "जाऊन काय होणार आहे?" हेच तर त्याच्या दुखण्याचे लक्षण. आणि सर्वांत मोठी धोंड लाजेची. मुलीचे लग्न ठरायचे आहे, वेड्याच्या डॉक्टरकडे गेल्याचे कळले तर सोयरीक मोडेल, या धास्तीने कित्येक घरे दाराला कडी लावून बसतात.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, या आजारात इमारत, यंत्र आणि तज्ज्ञ यांच्याही आधी दारापर्यंत येणारे, ओळखीचे, विश्वासाचे माणूस लागते. ते माणूस प्रत्येक गावात आहे. ती म्हणजे आपली आशाताई.

आशाताई काय करू शकते

आशा योजना २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, त्याच गावची लेक किंवा सून. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, करोनाच्या काळातली घरोघरची तपासणी, ही सगळी कामे तिने केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. कोणत्या घरात कोण आजारी, कोणाची सून माहेरी गेली ती परत आलेली नाही, कोणाचा मुलगा पिऊ लागला, हे तिला माहीत असते. ती दारात आली तर शेजारी कान टवकारत नाहीत, कारण ती सगळ्यांच्याच दारात जाते. मनोविकाराच्या दवाखान्याची पाटी असलेली गाडी दारात उभी राहणे आणि आशाताई चहाला बसणे यांत किती अंतर आहे, ते सांगायला नको.

३० वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म आशा भरते, त्यात साखर, रक्तदाब, तंबाखू यांबरोबर मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही असे किती दिवस झाले? उदास, निराश वाटले असे किती दिवस झाले? उत्तरांना गुण असतात, आणि ठरावीक गुणांच्या वर गेल्यास त्या माणसाला उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे पाठवायचे असते. प्रश्न दोनच आहेत, पण ते घाईत, सासूसमोर, दारात उभे राहून विचारले तर "सगळं बरं हाय" हेच उत्तर येणार. तेच परड्यात, बाजूला बसून विचारले तर डोळ्यांत पाणी येते.

"आशाताई काय डॉक्टर आहे काय?" असा प्रश्न हमखास येतो. नाही, ती डॉक्टर नाही. पण डॉक्टर नसलेली, नीट शिकवलेली आणि पाठीशी तज्ज्ञ असलेली माणसे या कामात किती उपयोगी पडतात, याचे दाखले आपल्या शेजारीच आहेत.

गोव्यात संगत या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण या कामाचे शिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी पाहिले तर अशा बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते, फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचे. दारूचा त्रास असलेल्या पुरुषांसाठीही तसाच प्रयोग झाला. तिथे प्रमाण ३६ विरुद्ध २६ टक्के असे आले. दारूचे काम अवघड आहे हे यावरून दिसते, पण शंभरांत दहा घरे जास्त सावरली ही गोष्ट लहान नाही.

दुसरा दाखला अमरावती जिल्ह्याचा. याच संस्थेच्या पुढाकाराने विदर्भातील ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या घरोघर जाऊन बोलल्या, समुपदेशकांनी पुढचे काम केले आणि ज्यांना गरज होती त्यांना डॉक्टरांपर्यंत नेले. प्रकल्पाआधी नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम ४.३ टक्के उपचारासाठी कोणाकडे जात. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झाले. गाव तेच, पाऊस तोच, कापसाची शेती तीच. वाढले होते ते दारापर्यंत येणारे माणूस.

आणखी एक दाखला दूरचा, आफ्रिकेतील झिंबाब्वेचा. तिथे हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली वयस्कर बायकांना शिकवून दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसवले. आजीबाईंनी लोकांचे ऐकायचे व अडचणीतून वाट काढायला मदत करायची. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आपणही म्हणतोच की, "त्यानं लई इचार घेतलाय डोक्यात." माणसाचे दुखणे सगळीकडे सारखे, आणि त्यावरचा पहिला उतारही सारखाच, कोणीतरी जवळ बसून ऐकणे.

मात्र आशाताईच्या गळ्यात हे काम बांधून आपण मोकळे झालो, असे होऊ नये. ती शासनाची पगारी नोकर नाही, तिला मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. त्यासाठीही तिला वेळोवेळी रस्त्यावर यावे लागले आहे. तिच्याकडे आधीच ढीगभर नोंदवह्या आहेत. एखाद्या घरी तासभर बसून ऐकायचे तर तिचा तास कोण भरून देणार? आणि तिने माणूस पाठवला, पण केंद्रात गोळ्याच संपलेल्या असल्या तर? एकदा रिकाम्या हाताने परत आलेला रुग्ण पुन्हा जात नाही, आणि गावात तोंड मात्र आशाताईचे जाते.

टोळीचे काय?

आता आम्ही या लेखाच्या खऱ्या मुद्द्यावर येतो. सभासद निदान गावचा आहे, आशाच्या यादीत त्याचे घर आहे. परंतु आपला ऊस जो तोडतो, त्याचे नाव कोणाच्या यादीत आहे?

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने मराठवाड्यातील ८ आणि विदर्भातील ६ अशा १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. शेतकरी कुटुंबांतील मनाचे आजार आशांनी घरोघर जाऊन हेरावेत आणि पुढे समुपदेशन व उपचार मिळावेत, अशी त्याची आखणी. त्या १४ जिल्ह्यांत बीड आहे, जालना आहे, परभणी आहे. आपल्या फडात उतरणाऱ्या बऱ्याच टोळ्या तिथल्याच. म्हणजे ज्या गावात या कामाची घडी बसवली, त्या गावातून कोयता दिवाळीच्या सुमारास निघतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आपल्या माळावर पाल ठोकून राहतो. तिकडची आशा म्हणते माणूस गावात नाही. इकडची आशा म्हणते तो माझ्या लोकसंख्येत नाही. मधले पाच-सहा महिने तो कोणाचाच नाही.

आणि हेच महिने सर्वांत कठीण. पहाटे तीन-चारला उठून फडात जाणे, थंडीत दंवाने भिजलेला ऊस, रात्री-अपरात्री गाडी भरणे, उचलीचा बोजा, बायकांच्या पाठीला पोर. शीण घालवायला पुरुष पितात, मग पालात मारहाण. एखादी बाई दोन-दोन दिवस बोलत नाही, तर टोळीत म्हणतात तिला वारं आलंय. दवाखान्यात जायचे तर मुकादम खाडा धरतो, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. ज्याच्या गोळ्या गावाकडे चालू होत्या, त्या इथे आल्यावर महिन्याभरात संपतात आणि पुन्हा मिळत नाहीत. त्या एकाएकी बंद झाल्या की आजार उलटतो.

काही सभासदांचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे, "टोळी मुकादमाची, आपला संबंध उसापुरता." आम्हाला हे पटत नाही. कारखाना सहकारी आहे, तो सभासदांचा आहे, आणि ज्याच्या कोयत्यावर आपले टन मोजले जातात त्याच्या दुखण्याशी संबंध नाही असे सहकारात म्हणता येत नाही. व्यवहाराने पाहिले तरी टोळीत एक कोयता बसला की फड रेंगाळतो, ऊस वाळतो, वजन घटते. पण आम्ही हे वजनासाठी सांगत नाही. माणूस आपल्या शिवारात आहे तोवर तो आपल्या गावचा, एवढे साधे हे म्हणणे आहे.

आम्ही काय सुचवतो

पहिली गोष्ट. प्रत्येक गट ऑफिसात त्या गटातील सर्व आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी व प्राथमिक आरोग्य केंद्र यांचे फोन लावून ठेवावेत. आमच्या शेती सहायकाला एखाद्या घरात काळजीचे दिसले तर त्याने त्या घरच्या माणसाला विचारून, त्याची संमती असेल तरच, आशाताईला निरोप द्यावा. कारखान्याच्या कोणत्याही वहीत त्याची नोंद करू नये. कर्ज, वसुली, ऊस कोणाला घातला, असले प्रश्न त्या वेळी तोंडातून काढू नयेत. एकदा का लोकांना वाटले की हे आपली माहिती काढायला येतात, की दार कायमचे बंद झाले.

दुसरी गोष्ट. हंगामात टोळी उतरली की ती कोणत्या गावच्या हद्दीत, किती कोयत्यांची, किती बायका-मुलांची, हे गट ऑफिसने आठ दिवसांच्या आत आरोग्य केंद्राला कळवावे. चिटबॉय रोज फडात असतो, त्यालाच हे ठाऊक असते. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी कार्ड व चिठ्ठी बरोबर आणावी, असा निरोप टोळी निघण्याआधीच मुकादमामार्फत जावा. आशाताईने पालावर जावे, आणि जाण्यायेण्याचा व वेळेचा मोबदला कारखान्याने द्यावा. टोळीतील वयाने थोर, चार बायका जिचे ऐकतात अशा एखाद्या बाईला बरोबर घेतले तर काम सोपे होईल. फॉर्म ३० वर्षांवरील लोकांचा असला तरी कोयत्यावर विशी-पंचविशीतली जोडपी पुष्कळ असतात, त्यांनाही विचारावे.

तिसरी गोष्ट. तोडणी-वाहतुकीच्या करारात एक ओळ घालावी, की दवाखान्याचा कागद असेल त्या दिवसाचा खाडा धरला जाणार नाही. एका ओळीला खर्च फारसा नाही, परंतु तिच्यावाचून बाकीचे सगळे व्यर्थ आहे.

चौथी गोष्ट. महिन्यातून एक ठरलेला दिवस कारखान्याची गाडी जिल्हा रुग्णालयाला जावी. तीत डोळ्यांचे, हाडांचे, मनाचे, सगळे रुग्ण बसावेत. गाडीवर कसलीही पाटी नको. कोण कशासाठी गेले हे कोणालाच कळणार नाही, आणि तेच हवे आहे.

पाचवी गोष्ट आमच्याच घरची आहे, ती सांगायला हवी. मनाच्या दुखण्यामागे प्रत्येक वेळी पैसा असतो असे नाही, सुखवस्तू घरांतही ते येते. पण देणेकऱ्यांचा तगादा आणि हाती नसलेले बिल यांनी ते वाढते, हे कोण नाकारील? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आहे. शेतकऱ्याचे बिल वेळेवर देणे आणि टोळीचा हिशेब चोख करणे, हे कारखान्याच्या हातातले औषध आहे. ते न देता नुसते समुपदेशन सांगितले, तर लोक आम्हाला हसतील, आणि ते बरोबरच ठरेल.

हा खर्च कशातून करायचा, हे ठरवणे संचालक मंडळाचे आणि सभासदांचे काम. आमची विनंती इतकीच, की वार्षिक सर्वसाधारण सभेत साखर उतारा, दर आणि विस्तार यांबरोबर या विषयाला अर्धा तास मिळावा. त्या सभेला महिला सभासदांनी यावे, आणि गावोगावच्या आशाताईंनाही पाहुण्या म्हणून बोलवावे. त्यांना काय अडते ते त्यांच्याच तोंडून ऐकावे.

एकट्याने होणार नाही

हुमणीचेच पुन्हा सांगतो. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर बसतात. एकट्याने आपल्या बांधावरचे गोळा करून भागत नाही, कारण शेजारच्या रानातून ते पुन्हा येतात. सगळ्या शिवाराने एका आठवड्यात मोहीम काढली तरच उपयोग होतो. मनाच्या आजाराचीही लाज एका घराने सोडून चालत नाही. गावातल्या दोन-चार मानाच्या घरांनी उघडपणे म्हटले, की आमच्याही घरी हे झाले होते, उपचार घेतले, आता बरे आहे, तर बाकीची दारे उघडायला वेळ लागणार नाही. मुलीचे स्थळ बघताना "घरात कोणाला मनाचा आजार होता का" असे विचारून मागे फिरणाऱ्यांनी जरा स्वतःच्या घराकडेही पाहावे.

प्रत्येक घराला आज करता येण्याजोगे थोडे आहे, ते सांगून आवरते घेतो. माणूस पंधरा दिवसांहून अधिक खचलेला दिसला तर उपदेश न करता त्याच्याजवळ बसा आणि ऐका. जगण्यात राम नाही, मी नसलो तर बरे, असे कोणी बोलले तर ते थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? असे विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका, घरातली शेतीची औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी दुसऱ्याकडे हलवा, आणि त्याच दिवशी आशाताईला किंवा डॉक्टरांना गाठा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवा चालू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, मोफत, मराठीतून बोलता येते. हा आकडा गोठ्याच्या भिंतीवर, मोटारीच्या पेटीवर, पालाच्या मेढीवर खडूने लिहून ठेवावा.

आमचे शेती सहायक पुढील महिन्यात लागणीच्या नोंदीसाठी प्रत्येक गावी येतील. त्यांच्याकडे आपल्या गावच्या आशाताईचा फोन असेल. तो मागून घ्यावा, आणि वरील सूचनांवर आपले मत, अनुकूल असो की प्रतिकूल, गट ऑफिसात लेखी किंवा तोंडी द्यावे, ही विनंती.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी खाते